येऊरचा कानोसा

पहाटे ३.३०, डोंबिवली पश्चिम

गजर वाजायच्या आधीच जाग येते. पंखा बंद करते आणि अंथरुणातच दोन मिनिटं कानोसा घेते. स्वयंपाकघरात फ्रिजची घरघर. गच्चीवरच्या टाकीत पडणारं पाणी. रुळांवरून जाणाऱ्या मालगाडीचा लांबत गेलेला खडखडाट. आणि या सगळ्याच्या मागे, सोसायटीच्या आंब्यावर, एक कोकीळ. जूनचा पहिला आठवडा चालू आहे, मिरग तोंडावर आलाय, कोकिळाला अजून उसंत नाही.

पेशाने मी ध्वनिमुद्रक. एरवी माझे दिवस स्टुडिओत, दुसऱ्यांचे आवाज साफसूफ करण्यात जातात. महिन्यातला एक दिवस मात्र येऊरचा. वनखात्याची परवानगी घ्यायची, ठरलेल्या जागी, ठरलेल्या वेळेला जंगलाचा आवाज नोंदवायचा आणि पुढच्या महिन्यात त्याच झाडाखाली तेच काम पुन्हा करायचं. एकेका पक्ष्याचा आवाज टिपणारे जाणकार महाराष्ट्रात बरेच आहेत आणि त्यांचं काम मोलाचं आहे. मला हवा असतो तो सगळ्यांचा मिळून होणारा आवाज: पक्षी, किडे, बेडूक, वारा, पाऊस, ओढा आणि माणूस. डोळ्यांना जसं दृश्य दिसतं तसं कानांना दिसणारं ध्वनिदृश्य.

पिशवी रात्रीच भरलेली असते. रेकॉर्डर, दोन मायक्रोफोन, त्यांना वारा लागू नये म्हणून घालायच्या केसाळ टोप्या, हेडफोन, ताज्या बॅटऱ्या, बुटांच्या खोक्यांतून जमवलेल्या सिलिका जेलच्या पुड्या. कपडे सुती, धुऊन धुऊन मऊ झालेले. रेनकोट पिशवीच्या तळाशी, कारण त्याची सळसळ मायक्रोफोनला पानांच्या सळसळीपेक्षा मोठी ऐकू येते. बांगड्या काढून ठेवल्या. चाव्यांचा जुडगा रुमालात गुंडाळला.

पहाटे ४.००, मोठागाव ते उपवन

मोठागावच्या पुलावरून स्कूटरने उल्हासची खाडी ओलांडते. माणकोलीला गोदामांतून बाहेर पडणारे कंटेनर, साकेतच्या पुलावर ट्रकांची रांग, माजिवड्याला उड्डाणपुलाखालचा घुमणारा कोलाहल. हा सगळा पट्टा रात्रभर झोपत नाही. ठाण्याचं पोट त्यावर चालतं, त्यामुळे त्याच्याबद्दल माझी तक्रार नाही. उपवन तलावाला वळसा घालून येऊरचा चढ लागतो आणि हवा एकदम गार होते. चौकीवर परवानगीचं पत्र दाखवते.

हेल्मेट काढल्यावर कानात बराच वेळ शिटी वाजत राहते. म्हणून पोचल्यावर पाच मिनिटं काहीच नोंदवायचं नाही, नुसतं बसायचं, हा माझा नेम आहे. कानालाही डोळ्यासारखंच अंधाराला सरावावं लागतं.

पाड्यावरचे काका बॅटरी घेऊन उभे असतात. वय साठीच्या पुढे, वारली समाजातले, सगळं आयुष्य याच डोंगरात गेलेलं. माझ्या चार जागा त्यांनीच निवडून दिल्या.

"ताई, रात्री भेकर भुंकलं. खालच्या ओढ्याकडे, दोनदा. मग गप्प."

त्यांच्याकडे रेकॉर्डर नाही. माझ्या प्रत्येक दिवसाची पहिली नोंद मात्र त्यांचीच असते.

येऊर म्हणजे संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाची ठाण्याकडची बाजू. पूर्ण उद्यान सुमारे १०४ चौरस किलोमीटरचं. एका अंगाला मुंबईची उपनगरं, दुसऱ्या अंगाला ठाणं, उत्तरेला घोडबंदर आणि वसईची खाडी. अडीचशेहून अधिक जातींचे पक्षी इथे नोंदले गेले आहेत. बिबट्यांची इतकी दाटी जगात फार थोड्या ठिकाणी आढळते. हे आकडे शाळकरी मुलांनाही पाठ असतात. पण या उद्यानाला भिंत घालता येते ती पायांसाठी आणि चाकांसाठी. आवाजाला भिंत नाही.

पहाटे ४.४५, पहिली नोंद

जुन्या ऐनाच्या खोडाला छातीच्या उंचीवर मायक्रोफोन बांधला. हलक्या आवाजात तारीख, वेळ, जागा, वारा, ढग सांगितले आणि वीस पावलं मागे येऊन बसले. आता दीड तास हलायचं नाही. मच्छर चावला तरी थप्पड मारायची नाही.

आधी रातवा. सपाट खडकावर लहानसा खडा टाकावा आणि तो उड्या मारत मारत थांबावा, तसा त्याचा आवाज: चक्, चक्, चक्, चर्रर. मग रानपिंगळा, हळू सुरू होऊन वेग घेत जाणारा. त्यांच्या तळाशी रातकिड्यांची सलग किरकिर, जिच्याकडे लक्ष जात नाही आणि जी थांबली तर मात्र दचकायला होतं.

पाचच्या जरा आधी दयाळाने पहिली शीळ घातली. इथून पुढे पाळी बदलते. कारखान्यात रात्रपाळीचे कामगार बाहेर पडत असतात आणि दिवसपाळीचे आत येत असतात, ती वीस-पंचवीस मिनिटांची गर्दी जंगलातही असते. रातवा मागे हटतो. शामा गायला लागतो, दयाळाचाच भाऊबंद, पण त्याच्यापेक्षा खोल आणि भरदार गळ्याचा. ओढ्याकडून शीळकरी कस्तुराची शीळ येते, कुणी बेफिकीर मुलगा नव्या चालीचा विचार करत चालला असावा तशी. पाऊस जवळ आला की तो जास्त गातो.

सव्वापाचला मी ज्याची वाट पाहत होते तो बोलला. नवरंग. दोन सुरांची स्वच्छ शीळ, मग थांबा, मग पुन्हा तीच. हा पक्षी पावसाच्या तोंडावर इथे वीण घालायला येतो आणि बोलतो तो मुख्यतः सकाळ-संध्याकाळच्या संधिप्रकाशात. तमिळ भाषेत त्याचं नावच 'सहा वाजताचा पक्षी' असं आहे. मागच्या महिन्यातल्या नोंदीत तो नव्हता. आज आला. हातातल्या वहीत मी नुसती एक फुली मारली, पण ती मारताना बोट थरथरलं.

पक्षी पहाटेच का गातात याची कारणं अनेक आहेत. अंधारात किडे दिसत नाहीत, तेव्हा चरायचं काम सुरू झालेलं नसतं. वारा पडलेला असतो. जमिनीलगतची हवा गार आणि वरची थोडी उबदार असते, त्यामुळे वर जाऊ पाहणारा आवाज पुन्हा खाली वाकतो आणि दूरवर पोचतो. "ही जागा माझी आहे" हे सांगायला दिवसभरात याहून स्वस्त वेळ नाही.

मग पावशा सुरू झाला. त्याचं 'पेरते व्हा, पेरते व्हा' एकेक पायरी चढत जातं आणि टोकाला जाऊन तुटतं. सर्पगरुडाची शीळ ऐकून मी वर पाहिलं, तर तो सर्पगरुड नव्हताच. भृंगराज, शेपटीला दोन लांब पिसं लोंबणारा कोतवाल, त्याची नक्कल करत होता. गेल्या दोन वर्षांत त्याने मला किती वेळा फसवलं याची मोजदाद मी सोडून दिली आहे.

सहाच्या सुमारास ऊन फांद्यांच्या शेंड्यांना लागलं. तांबट, हळद्या, टकाचोर, बुलबुल, आणि पाचोळ्यात कुजबुजत भांडणारे सातभाई. सव्वासहाला रेकॉर्डर बंद केला.

सकाळी ७.३०, ओढ्याकाठी

दुसऱ्या जागी काकांनी काल संध्याकाळी एक छोटं यंत्र बांधून ठेवलं होतं. ऑडिओमॉथ त्याचं नाव. ब्रिटनमधल्या संशोधकांनी बनवलेलं, काडेपेटीहून थोडं मोठं. ठरवून दिलेल्या वेळी आपोआप सुरू होतं, बंद होतं, आणि माणूस जवळ नसतानाचं जंगल ऐकतं. त्याच्या पट्ट्यावरून ओंबील मुंग्यांची रांग चालली होती. पट्टा सोडवताना दोन-चार कडकडून चावल्या.

तेवढ्यात डाव्या हाताच्या उतारावरून वानर खोकला. 'खॅक्, खॅक्', कोरडा, धारदार. काकांनी हात आडवा केला.

"आता बोलू नका, ताई."

आम्ही दोघं उभे. पुन्हा वानर, या वेळी थोडं पुढे. मग खालच्या बाजूने चितळाची एकच तीव्र हाक. सातभाई एकदम गप्प. आवाजांची ती रेघ डावीकडून उजवीकडे, उतरणीला, ओढ्याच्या दिशेने सरकत गेली आणि दहाएक मिनिटांत विरली. आम्हाला काहीच दिसलं नाही. बिबट्या कुठून आला, कुठे गेला आणि किती वेगाने गेला, हे सगळं मात्र कळलं.

मला जे सांगायचं आहे ते या दहा मिनिटांत आहे. जंगलात आवाज ही करमणूक नाही, ती खबर आहे. वानराने पाहिलेलं चितळाला ऐकून कळतं, चितळाने दिलेली हाक भेकराला कळते. बिबट्याचं पोट ऐकू न जाण्यावर अवलंबून आहे आणि हरणाचा जीव ऐकू येण्यावर. घुबड पाचोळ्यातल्या उंदराची खसखस ऐकून झेप घेतं. जंगलातल्या शांततेचा अर्थ असा: ज्याच्यासाठी हाक, त्याच्यापर्यंत ती पोचणं. ही शांतता बिघडली तर झाड एकही पडत नाही, नकाशावरची हद्द तसूभरही हलत नाही, तरी जंगलाचं काम थांबतं.

सकाळी ९.३०, वही

माझ्या वहीत तीन रकाने आहेत. पहिल्यात सजीवांचा आवाज, दुसऱ्यात वारा-पाणी-पावसाचा, तिसऱ्यात माणसाचा. ही वाटणी अमेरिकेतले ध्वनिमुद्रक बर्नी क्राउझ यांच्यामुळे रूढ झाली. त्यांच्या आधी, १९६०च्या दशकाच्या अखेरीस कॅनडातल्या व्हँकुव्हरमध्ये संगीतकार मरी शेफर यांनी परिसराच्या आवाजाचा पद्धतशीर अभ्यास सुरू केला आणि १९७७ मध्ये त्यावर पुस्तक लिहिलं. शेफर यांचा वाढदिवस, १८ जुलै, हा आता जगभर ऐकण्याचा दिवस म्हणून पाळतात.

आजचा तिसरा रकाना: विमानं, लांबून येणारा घोडबंदर रस्त्याचा गुंजारव, एका बांधकामावरची कटर मशीन, पाण्याचे पंप, आणि सकाळी फिरायला आलेल्या एका गटाच्या खिशातल्या मोबाईलवर मोठ्याने लागलेली भक्तिगीतं. ते लोक मनाने चांगले होते. माझ्याकडे पाहून हसले, हात जोडले. ज्यासाठी इतका चढ चढून आलो ते आपल्याच खिशातल्या आवाजाने झाकलं जातंय, हे त्यांना कुणी कधी सांगितलेलं नसावं.

दुपारी १२.३०, पाड्यावर

ऊन चढलं की पक्षी मंदावतात आणि सिकाडा जंगल ताब्यात घेतात. नर आपल्या पोटावरचे ताठ पडदे स्नायूंनी आत-बाहेर करून हा आवाज काढतो. इतका लहान किडा, पण त्याचा स्वर कानात सुई टोचावी तसा. त्याची पिल्लं जमिनीखाली मुळांचा रस पीत वर्षं काढतात आणि बाहेर आल्यावर थोड्या आठवड्यांत सगळं आयुष्य ओरडून संपवतात.

काकूंनी तांदळाच्या भाकरीवर सुकटीची चटणी वाढली आणि पुढ्यात जांभळांची पाटी ठेवली. या दिवसांतल्या माझ्या नोंदींमध्ये एक आवाज सतत असतो: टप्. थोड्या वेळाने पुन्हा टप्. पहिल्या वर्षी मला वाटलं यंत्रात बिघाड आहे. मग लक्षात आलं, पिकलेलं जांभूळ वाळल्या पाचोळ्यावर पडतंय. त्यातलं एखादं 'टप्' जरा जड असतं, तेव्हा फळासोबत वटवाघूळही आलेलं असतं.

जेवताना मी काकूंना त्यांच्या बोलीतले आवाजांचे शब्द विचारते आणि लिहून घेते. ही सवय मारुती चितमपल्ली यांच्यामुळे लागली. वनखात्यात नोकरी करता करता त्यांनी रानातल्या माणसांकडून शब्द गोळा केले आणि 'पक्षिकोश' उभा केला. जून २०२५ मध्ये ते गेले. आपल्या भाषेने जंगल किती बारकाईने ऐकलं आहे, हे त्यांना वाचताना जाणवतं. भेकर भुंकतं, पारवा घुमतो, मोराचा केकारव होतो, हत्तीचा चीत्कार होतो. पानांची सळसळ वेगळी, पाचोळ्याची खसखस वेगळी, ओढ्याची खळखळ वेगळी. बेडूक डरावतो. पावशाला तर मराठी शेतकऱ्याने थेट पेरणीचं वेळापत्रकच देऊन टाकलं. शब्द वापरातून गेले की ते आवाज ऐकू येणंही बंद होतं. माझ्या भाचीला कोकीळ आणि पावशा यांच्यातला फरक सांगता येत नाही, आणि तिचा त्यात काही दोष नाही.

दुपारी ३.००, सावलीत लॅपटॉप

पहाटेची नोंद पडद्यावर चित्ररूपात उघडली. डावीकडून उजवीकडे वेळ, खालून वर सुराची उंची. हे चित्र चाळीच्या इमारतीसारखं दिसतं. तळमजल्यावर भारद्वाजाचा खोल 'कूप कूप' आणि होल्याचं घुमणं. पहिल्या मजल्यावर पिंगळा आणि तांबट. त्याच्या वर शामा, दयाळ, कस्तूर, आपापल्या नक्षीच्या रेघा काढत. त्याहून वर रातकिडे आणि सिकाडा, ताणलेल्या दोऱ्यांसारखे सरळ. आणि सगळ्यात वर, माणसाच्या कानाची हद्द जिथे संपते त्या वीस हजार हर्ट्‌झच्या पलीकडे, वटवाघळांची गच्ची. ती टिपायला वेगळं यंत्र लागतं.

क्राउझ यांचं म्हणणं असं, की जुन्या, न बिघडलेल्या जंगलात जो तो आपापल्या मजल्यावर राहतो, कुणी दुसऱ्याच्या आवाजावर आवाज चढवत नाही. शास्त्रज्ञांत या मताविषयी वाद आहेत. पण पडद्यावरचं हे चित्र पाहताना ते मत कुठून आलं हे समजतं.

माणसाच्या यंत्रांचा आवाज मुख्यतः तळमजल्यावर शिरतो. गाड्या, जनरेटर, डीजेचा ठोका. तिथे राहणाऱ्यांनी मग काय करायचं? नेदरलँड्समधल्या लायडन शहरात गोंगाटाच्या भागातले रामगंगा जातीचे पक्षी आपलं गाणं वरच्या पट्टीत गातात, असं २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं. २०२० मध्ये टाळेबंदीने सॅन फ्रान्सिस्को शांत झालं, तेव्हा तिथल्या एका चिमणीवर्गीय पक्ष्याने काही आठवड्यांत आवाज हळू केला आणि त्याच्या गाण्यात खालचे स्वर परत आले. तरीही ते गाणं आधीपेक्षा जास्त दूर पोचू लागलं. मला हा दुसरा अभ्यास फार धीर देतो. कापलेलं झाड उभं राहायला पन्नास वर्षं लागतात. शांतता त्याच दिवशी परत देता येते.

संध्याकाळी ५.३०, तिसरी जागा

पश्चिमेला ढग भरून आले. वारा आधी वरच्या फांद्यांत शिरला, मग बांबूच्या बेटात, आणि बांबू एकमेकांवर घासून करकरू लागले. काकांनी आकाशाकडे पाहून नुसती मान हलवली. मी टोप्या घट्ट केल्या, रेकॉर्डरवर प्लास्टिक बांधलं.

पाऊस ऐकू आधी येतो, अंगावर मागून पडतो. समोरच्या डोंगरावरून तो चालत आला. सागाच्या रुंद नव्या पानावर थेंब ढोलकीवर थाप पडावी तसा वाजतो, वाळक्या पानावर तडतडतो, दगडावर नुसता फुटतो, मातीत मुका होतो. पंधरा मिनिटांत सगळे मजले पावसाने भरून गेले, दुसरा आवाज उरला नाही. पक्षी गप्प होते. हाही आवाजच, पण त्याने कुणाचं नुकसान होत नाही. ही पाखरं-जनावरं पावसाच्या आवाजासोबतच घडली आहेत.

संध्याकाळी ७.१५, डबकं

पाऊस थांबला आणि डबक्याच्या काठावरून पहिला बेडूक बोलला. मग दुसरा. मग मोजता येईनात. पहिल्या पावसात पिवळे धमक झालेले मोठे बेडूक पाण्यात बसून डरावत होते, काठच्या झुडपांतून चिमुकल्या बेडकांची टिकटिक येत होती. बोलतात ते नर. मादी अंधारात नुसत्या आवाजावरून जोडीदार पारखते. आवाज तिच्यापर्यंत पोचला नाही तर त्या डबक्यातल्या पुढच्या पिढीचं गणित चुकतं. आणि डबकं पाण्याने भरलेलं राहण्याचे दिवस मोजकेच.

पलीकडच्या झाडावर काजवे लुकलुकत होते. काकांनी बॅटरी विझवली. आम्ही बराच वेळ काही बोललो नाही.

रात्री ९.००, ठोका

नऊला सुरुवात झाली. कुठल्याशा बंगल्यातून, झाडीच्या मागून. गाण्याचे शब्द इथपर्यंत पोचत नव्हते, पोचत होता तो फक्त ठोका. खालच्या पट्टीचा आवाज लांब जातो आणि झाडीने फारसा अडत नाही. हेडफोनमध्ये तो छातीत बसत होता. मी रेकॉर्डर बंद केला नाही. तिसरा रकानाही भरायचाच असतो.

मोठे बेडूक हळूहळू कमी झाले. झुडपातले चालू राहिले, कारण त्यांचा मजला वरचा. रातवा एकदा बोलला आणि पुन्हा बोलला नाही. काका म्हणाले, "आता रात्री काही कळत नाही, ताई. पूर्वी बिबट्या पाड्याकडे यायला लागला तर आधी रान सांगायचं. आता तो अंगणात आल्यावर कुत्रं सांगतं."

हे ऐकल्यापासून मला झोप नीट लागत नाही. वाघोबाला देव मानून त्याच्या शेजारी पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या माणसांची सुरक्षितता कानावर उभी होती. आपण त्यांचे कान बंद केले.

कायदा आहे. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० सालचे. रात्री १० ते सकाळी ६ ही रात्र. निवासी भागात रात्रीची मर्यादा ४५ डेसिबल, शांतता क्षेत्रात ४०. डेसिबलचं मोजमाप सरळ चढत नाही: दहाने वाढलं की आवाजाची ऊर्जा दहापट होते. शांतता क्षेत्र म्हटलं की नियमात रुग्णालय, शिक्षणसंस्था आणि न्यायालय येतं, जंगलाचा उल्लेख नाही. डिसेंबर २०१६ मध्ये उद्यानाभोवती पर्यावरणीय संवेदनशील क्षेत्र अधिसूचित झालं. येऊरच्या बेकायदा टर्फ मैदानांचा विषय मुंबई उच्च न्यायालयातही गेला. गोंगाटाविरुद्ध ठाणेकरांनी लढाई दिलेली आहे: डॉ. महेश बेडेकर यांच्या जनहित याचिकेवर उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०१६ मध्ये जो निकाल दिला, तो ध्वनिक्षेपकांच्या बाबतीत राज्यभर आधाराला घेतला जातो. तो निकाल माणसांच्या कानांसाठी होता. जनावरांच्या वतीने याचिका करायला वकीलपत्रावर सही कुणाची घेणार? ती आपणच करायला हवी.

रात्री १०.४०, थांबलं

ठोका एकदम थांबला. मी घड्याळ पाहिलं आणि हलले नाही. आधी रातकिडे ठळक झाले, म्हणजे ते होतेच, आता ऐकू येऊ लागले. मग पानांवरून ठिबकणारं पाणी. मग ओढा. आठ मिनिटांनी एक बेडूक, चाचपडत, अर्धाच. त्याला दुसऱ्याने उत्तर दिलं. अकराला डबकं पुन्हा भरात होतं. रातवा मात्र आला नाही.

मध्यरात्र, डोंबिवली

घरी येऊन अंगावरचा चिखलही न धुता आधी सगळ्या नोंदी दोन वेगवेगळ्या डिस्कवर उतरवल्या. प्रत्येकीला तारीख, वेळ, जागा, हवामान आणि परवानगीचा क्रमांक. लोक विचारतात, याचा उपयोग काय? उपयोग असा: याच डोंगरांखालून ठाणे-बोरिवली जुळे बोगदे होत आहेत, ११.८ किलोमीटरचा मार्ग. घोडबंदरला दरवर्षी नवे मनोरे उभे राहताहेत. उद्या कुणी विचारलं की इथे आधी काय होतं, तर झाडांचे फोटो पुष्कळ मिळतील, उपग्रहाची चित्रं मिळतील. त्या झाडांत पहाटे पाचला कोण बोलत होतं, हे फक्त ऐकून ठेवलेलं असेल तरच सांगता येईल. आणि हे काम करायला महागडं यंत्र लागत नाही. झेनो-कँटो या संकेतस्थळावर २००५ पासून जगभरच्या हौशी माणसांनी पक्ष्यांचे लाखो आवाज जमा केले आहेत, त्यांतले अनेक मोबाईलवर टिपलेले आहेत.

तुम्ही ठाण्यात राहत असा, कल्याणला राहत असा किंवा डोंबिवलीला, हे जंगल तासाभराच्या अंतरावर आहे. या पावसाळ्यात एकदा पहाटे या. येऊरला बंगला असेल, समारंभ असेल, तर स्पीकर घराच्या भिंतींच्या आत ठेवा. दहानंतर तर बंदच ठेवा, उघड्यावर तो कायदाही आहे. फिरायला येणार असाल तर गाडीतलं गाणं चौकीपाशी थांबवा, मोबाईल गप्प ठेवा, मुलांना सोबत आणा आणि एका झाडाखाली दहा मिनिटं काही न बोलता बसा. पावशा ओळखता आला तर त्याचं नाव मुलांना सांगा.

पुढच्या महिन्याची नोंद पहाटे पावणेपाचला, त्याच ऐनाखाली सुरू होईल.